सहलीच्या ६५० रुपयांबद्दल

परवा रात्री अकराच्या पुढे ‘कर्जाशिवाय पंचवीस वर्षं’ या माझ्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली. नाव दिलेलं नाही, त्यामुळे ‘तुम्ही’ म्हणूनच लिहिते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्लॅट दराच्या व्याजाचं माझं गणित चुकलंय, असं तुम्ही म्हणता. खात्यात पडून राहिलेला पैसा महागाई खाते, त्यापेक्षा वेळेवर कर्ज काढून घर घ्यायला हवं होतं, असंही म्हणता. दवाखाना मागे लागला की डाळ-तांदळातली काटकसर कामाला येत नाही, गरिबाला कर्ज काढावंच लागतं, असं लिहिलंत. आणि शेवटी हे: ‘मुलीची सहल बुडवून वाचवलेले ६५० रुपये कुठे गुंतवलेत तेही एकदा लिहा. चिकटपणाला काटकसर म्हणायची तुमच्या पिढीला सवयच आहे.’

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. आज मशीनवर बसले तर ब्लाउजची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. मग उठले आणि लिहायला घेतलं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. बारा टक्के फ्लॅट दर म्हणजे खरे चोवीस टक्के, असं मी लिहिलं होतं. ते चूक. ३०,००० रुपये वर्षभरासाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज ३,६०० आणि हप्ता २,८०० रुपयांचा बसतो. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. मी ढोबळमानाने निम्मी रक्कम वर्षभर आपल्याकडे होती असं धरलं आणि दुप्पट केलं. प्रत्यक्षात निम्म्याहून थोडी जास्त रक्कम आपल्याकडे असते, म्हणून दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. मुलीने संगणकावर करून पाहिलं, तुमचाच आकडा आला. लेखात दुरुस्ती केली आहे. बाराचे साडेएकवीस होतात हे दुकानात हप्त्यावर फ्रिज देणारा माणूस कधी सांगत नाही, हा माझा मुद्दा होता आणि तो तसाच राहतो.

आता त्या वाक्याकडे येते.

मतभेद असायला माझी काही हरकत नाही. पण ज्या घरात तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही, त्या घरातल्या आईला तिच्या लेकीवरून असं बोलायचं असेल तर निदान नाव तरी लिहावं. माझ्या दारात येऊन बोलला असतात तर मी तुम्हाला चहा दिला असता, आणि हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवून आत या असंही सांगितलं असतं.

मूळ लेखात सहलीवर दोनच ओळी होत्या. तुम्हाला सगळं हवंय, तर सगळं सांगते.

२००८च्या दिवाळीनंतर भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपांची कामं आटली. जगभर मंदी आली होती. गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांनी उत्पादन कमी केलं की त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या ऑर्डरी थांबतात, आणि त्या पुरवठादारांकडून जॉबवर्क आणणाऱ्या दहा-वीस माणसांच्या शेडमध्ये मशीन झाकून ठेवायची वेळ येते. माझे मिस्टर अशाच एका शेडमध्ये लेथवर होते. आठवड्यातले तीन दिवस काम राहिलं. साडेसात हजारांच्या जागी डिसेंबरात हातात ३,९०० रुपये आले. खोलीभाडं १,८००. उरले २,१००. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवून चालत नव्हती. भाजी मी एक दिवसाआड आणायचे, तीही बाजार उठता उठता. उरलेले दिवस पिठलं, नाहीतर हुलग्याचं माडगं. ते माझ्या माहेरचं, करमाळ्याकडचं खाणं. मुलं नाक मुरडायची आणि खायची.

शाळेची सहल रायगड-मुरूडला होती, दोन दिवसांची. ६५० रुपये शनिवारपर्यंत भरायचे होते. मुलगी चौथीत होती.

पैसे मिळाले नसते असं नाही. पुढच्या गल्लीत एक बाई व्याजाने पैसे द्यायच्या. शेकडा दहा, महिन्याला. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून घ्यायच्या, म्हणजे हजार मागितले की हातात नऊशे. जानेवारीत कामाचे दिवस वाढतील की आणखी कमी होतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुद्दल फिटेपर्यंत दर महिन्याला शंभर रुपये त्या बाईंच्या दारात नेऊन ठेवायचे. शंभर रुपयांत आमचं आठवड्याचं दूध होत होतं.

आणि घरातही पैसे होते. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, आता लिहिते. फडताळात वरच्या फळीवर औषधपाण्याचा एक डबा असायचा. त्यात अकराशे रुपये होते. मी तो डबा त्या आठवड्यात दोनदा खाली काढला आणि दोनदा वर ठेवला.

तुम्ही विचारलंत ना, कुठे गुंतवले? त्या डब्यात. ते तिथेच राहिले. त्या हिवाळ्यात कुणी आजारी पडलं नाही. एप्रिलमध्ये वर्कशॉपातल्या पाळ्या हळूहळू सुरू झाल्या आणि जूनमध्ये त्यातूनच तिची पाचवीची वह्या-पुस्तकं आली. म्हणजे सहलीचे पैसे देता आले असते, असं आज तुम्ही म्हणाल. आज मीही म्हणू शकते. पण जानेवारीत सासूबाईंना काही होणार नाही, हे डिसेंबरात मला कुणी लिहून दिलं होतं?

मी एवढी का घाबरते, तेही ऐका. १९८६ साली माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी गावातल्या सावकाराकडून बारा हजार घेतले. शेकडा पाच. म्हणजे महिन्याला सहाशे नुसतं व्याज. तारण म्हणून तीन एकर जिरायत लिहून दिली. गहाणखत करायचं असं बोलणं झालं होतं, पण कागद झाला मुदत खरेदीचा. पैसे मुदतीत परत केले तर जमीन तुमची, नाही तर सावकाराची. दोन वर्षं ज्वारी नीट आली नाही आणि मुदत संपली. आईच्या गळ्यातलं डोरलं आधीच सोनाराकडे गेलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सावकाराचा माणूस संध्याकाळी यायचा, काही बोलायचा नाही, ओट्यावर बसून राहायचा. वडील घरात असून नाहीत असं सांगायला मला बाहेर पाठवायचे. त्याला पाणी नेऊन द्यायचं आणि ‘दादा रानात गेलेत’ म्हणायचं, हे माझं काम होतं.

पुढे २०१४ साली राज्यात सावकारी नियमनाचा नवा कायदा आला आणि सावकाराने लाटलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येऊ लागला. आमचे चुलते कागद घेऊन तालुक्याला चौकशी करून आले. पंधरा वर्षांच्या आतले व्यवहार धरतात. आमच्या व्यवहाराला अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती.

तेव्हा माझ्या मुलीला सहलीला पाठवण्यासाठी मी त्या व्याजवाल्या बाईच्या दारात गेले नाही, आणि आमच्या दारात कुणी येऊन बसेल अशी वेळ येऊ नये म्हणून डबा फोडला नाही. याला तुम्ही चिकटपणा म्हणता.

चिकट माणसं मी पाहिली आहेत. रोज पाहते. मी पंधरा वर्षं लोकांचे ब्लाउज शिवते आहे. माझी शिलाई सगळ्यात जास्त थकते ती ज्यांच्या घरी चार-चार हप्ते चालू आहेत त्यांच्याकडे. बँकेचा हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप जातो, त्याला कुणी थांब म्हणू शकत नाही. मग ओढाताण कुणाकडे सरकते? दूधवाल्याकडे, धुणंभांडीवालीकडे, माझ्याकडे. ‘ताई, पुढच्या महिन्यात एकदम देते.’ त्या बायका वाईट नाहीत. त्यांच्या पगाराचे मालक आधीच ठरलेले असतात, आणि ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच त्या नाही म्हणतात. या पंचवीस वर्षांत आमच्या घरातून कुणाचे कष्टाचे पैसे दुसऱ्या दिवसावर गेले नाहीत. डिसेंबर २००८ मध्येसुद्धा वाण्याच्या वहीत आमच्या नावावर काही नव्हतं. तो स्वतःहून म्हणाला होता, ‘वहिनी, न्या की, लिहून ठेवतो.’ मी नेलं नाही. चिकट माणूस दुसऱ्याचं देणं धरून ठेवतो. आम्ही जे काही धरून ठेवलं ते आमच्या ताटातलं होतं.

मुलीच्याही, हे तुम्ही म्हणणार. हो, मुलीच्याही.

बाकीच्या मुद्द्यांचं फार काही नाही. घरकर्जाला मी विरोध केलेला नाही, लेख नीट वाचा. ज्याला झेपतं त्याने घ्यावं. फक्त २५ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता २१,७०० च्या आसपास बसतो आणि एकूण ५२ लाख भरावे लागतात, हा हिशोब सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना दाखवावा, एवढंच माझं म्हणणं. २०२० साली मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत मिळाली, तेव्हा आमच्या इमारतीत बऱ्याच जणांना वाटलं की सहा हप्ते माफ झाले. व्याज चालूच होतं, हे नंतर कळलं. आमच्याकडे तेव्हा मिस्टरांचं काम बंद होतं, पण मार्चमध्ये भरलेला गहू कोठीत होता, एरंडेल चोळून आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. पोस्टातली आवर्ती ठेवही होती. त्या महिन्यांत महागाईने त्या ठेवीतलं किती खाल्लं, याची मला फिकीर नव्हती.

दवाखान्याचं तुम्ही लिहिलंत. त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेशनकार्ड नीट करून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगते. सगळं त्यात बसत नाही हेही मला कळतं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

‘तुमच्या पिढीला’ हा शब्दही मला लागला. माझी पिढी म्हणजे कोण? माझे आईवडीलच कर्जात बुडाले होते. काटकसर मला वारशात मिळालेली नाही, मी ती त्यांच्याकडे बघून, घाबरून शिकले.

काल रात्री मुलीला फोन केला. ती नाशिकला औषधांच्या कंपनीत आहे, सव्वीस वर्षांची. तुमची प्रतिक्रिया तिने आधीच वाचली होती. मी विचारलं, तुला अजून राग आहे का? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘सहलीचा नाही. तू शुक्रवारी रात्रीपर्यंत बघू, बघू म्हणत राहिलीस, त्याचा आहे. मी बॅग भरून ठेवली होती.’

बॅगेचं मला माहीत नव्हतं. सतरा वर्षांत तिने सांगितलं नव्हतं. पैसे नाहीत हे तिला सोमवारीच सांगायला हवं होतं, हे मला मान्य आहे. हे मी तिच्याजवळ कबूल केलं. तुमच्याजवळ करायची गरज नव्हती, पण तुम्हीच विषय काढलात म्हणून इथेही लिहिते. नाही म्हणायचं ते मुलांना लवकर आणि कारणासकट सांगावं, हिशोबाची वही समोर ठेवून सांगावं. धाकट्याच्या वेळी मी तसंच केलं. तो दहावीपासून घराचा महिन्याचा खर्च स्वतः लिहितो.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. व्याजाच्या दुरुस्तीबद्दल आभार, ते मनापासून. घरकर्जावर किंवा महागाईवर अजून लिहायचं असेल तर लिहा, वाचीन. फक्त सहलीचं ते वाक्य तेवढं तुम्ही स्वतः काढलंत तर बरं होईल. मुलगी इथे येऊन वाचते.