22 मिनिटं डोकं माझं, शेवट फाशाचा

25 टक्के. काल रात्रीपासून हा एकच आकडा डोक्यात घुमतोय आणि झोपेचं खोबरं झालंय.

ऑनलाइन पत्त्यांच्या गेमची मॅच, 22 मिनिटं चालली होती. समोरच्याचं 3 लाइफ उरलेलं, माझं 6. बोर्डवर माझे दोन मिनियन (माझ्या बाजूने लढणारी पानं), त्याचा एकही नाही. पुढच्या टर्नला तो संपणार हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. फक्त त्याच्या डेकमध्ये ते एक नालायक पान असणार हे मी ओळखून होते: 'कुठल्याही एका शत्रूला 6 डॅमेज'. कुठल्या, ते गेम ठरवणार. म्हणून हातात कधीपासून सडत पडलेलं 1/1चं (1 डॅमेज, 1 लाइफ) टुकार पान मी मुद्दाम उतरवलं. आधी त्याच्यासमोर तीन टार्गेट होती, दोन मिनियन आणि मी. आता चार झाली. 33 टक्क्यांची जोखीम 25 वर आणली आणि स्वतःवरच खूश झाले.

त्याने तेच पान टाकलं. आगीचा गोळा वर गेला, हवेत जरा रेंगाळला (हे रेंगाळणं निव्वळ छळ आहे, निकाल सर्व्हरवर केव्हाच लागलेला असतो, आपल्याला फक्त ताटकळत ठेवायचं असतं) आणि सरळ माझ्या तोंडावर येऊन आदळला. 6 लाइफ, 6 डॅमेज. वर त्याचा 'छान खेळलास'चा इमोट (गेममधला तयार निरोप). अरे, तू काय खेळलास? तू एक पान टाकलंस आणि माझ्यासारखाच बघत बसलास!

आता लगेच शहाणे येतील सांगायला, 'पत्त्यांचा खेळ आहे, नशीब असणारच.' नशिबाशी माझं भांडण नाहीये हो. पानं पिसली की नशीब आलंच. 30 पानांच्या डेकमध्ये एखाद्या पानाची एकच कॉपी असेल तर दर तीन मॅचमागे एकदा ते तळाच्या 10 पानांत अडकणार. दोन कॉपी घातल्या तरी साधारण दहातल्या एका मॅचला दोन्ही तळाशीच. हे मी मुकाट गिळते. कारण पान आधी हातात येतं आणि मग मी विचार करते. हात वाईट आला तर त्या वाईट हातातून वाट काढणं, हाच तर खेळ आहे. ड्रॉची (आणखी पानं उचलू देणारी) स्वस्त पानं घाला, सुरुवातीचा हात बदलून घ्या, डेकचा माना कर्व्ह (माना म्हणजे पान टाकायची किंमत, तर स्वस्त-महाग पानांचा समतोल) नीट बांधा. हातात करण्यासारखं काहीतरी असतं.

1993 मध्ये आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात लँडचा (ज्यांच्यातून बाकीची पानं टाकायला माना मिळतो, त्या पानांचा) छळ पहिल्या दिवसापासून आहे. 60 पानांत 24 लँड ठेवले तरी पहिल्या सात पानांत एकही लँड नाही किंवा एकच आहे, असं साधारण 14 टक्के वेळा होतं. म्हणजे दर सातव्या मॅचला. लोक तीस वर्षं त्याला शिव्या घालताहेत आणि त्यात काही चूक नाही. पण तिथे निदान सुटकेचा रस्ता आहे. 2019 पासूनच्या मलिगनच्या (सुरुवातीचा हात बदलण्याच्या) नियमात दर वेळी पुन्हा सात पानं उचलता येतात, मग जितक्यांदा हात बदलला तितकी पानं डेकच्या तळाशी ठेवायची. किंमत मोजा, पण निर्णय तुमचा.

माझा संताप निर्णयानंतरच्या फाशावर आहे. गेम बनवणारे त्याला आउटपुट रँडमनेस म्हणतात. पिसणं म्हणजे इनपुट रँडमनेस. पिसण्यात आधी नशीब, मग डोकं. फाशात आधी डोकं, मग त्या डोक्यावर वरवंटा. मी 22 मिनिटं जे काही केलं, त्याचा निकाल शेवटी एका फाशाने लावायचा असेल तर पहिल्याच मिनिटाला टाका ना फासा. माझी 21 मिनिटं तरी वाचतील.

सगळाच फासा वाईट असंही नाही म्हणा. '2 ते 4 डॅमेज' लिहिलेलं पान मला चालतं. 2 धरून बेत करायचा, 4 झालं तर नफा. डोकं जातं ते 'एक रँडम लेजेंडरी (सगळ्यात दुर्मिळ पानांपैकी एक) मिळेल' छाप पानांवर. टेबलावरच्या खेळात हे फारसं करताच येत नाही, कारण शेकडो पानांचा गठ्ठा कोण घेऊन बसणार? कॉम्प्युटरला मात्र काहीच जड नाही, म्हणून 2014 मध्ये 'हार्थस्टोन' हा कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा गेम आल्यापासून हा प्रकार नुसता बोकाळलाय. माझ्या समोरच्याच्या हातात असं पान आलं की मी कशापासून सांभाळून खेळायचं? त्याच्या डेकमध्ये नाहीच, त्यालाही ठाऊक नाही, अशा कुठल्या तरी पानापासून?

त्याच खेळात 2016 साली यॉग-सॅरॉन नावाचं पान आलं. मॅचभर तुम्ही जितके स्पेल (जादूची पानं) टाकलेत, तितके रँडम स्पेल हा पठ्ठ्या वाट्टेल त्या दिशेने उधळणार. हरत आलेला माणूस 10 माना भरून तो खाली ठेवायचा आणि खुर्चीला टेकून गंमत बघायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बनवणाऱ्यांनीच त्याचे पंख छाटले: यॉग मध्येच मेला तर उधळण तिथेच थांबणार. हे सुचायला इतके महिने लागावेत? व्हिडिओ बनवणाऱ्यांची तेवढी चांदी झाली. 'बघा काय झालं!' म्हणून किंचाळायला त्यांना असलंच काहीतरी लागतं. ज्याच्या बाबतीत ते 'काय' झालं, त्याला कोण विचारतो?

आणि ते सरासरीवाले. 'शंभर मॅच खेळ, सगळं समान होतं.' होतं, गणित मलाही येतं. पण कोणी शंभर मॅचची फायनल खेळतं का? एका मॅचला 55 टक्के वेळा जिंकणारा, म्हणजे खरोखर चांगला खेळाडू, तीनपैकी दोनच्या लढतीत जेमतेम 57 टक्के वेळा जिंकतो. दोन टक्के! एवढ्यासाठी रात्र रात्र मॅचअप (कुठल्या डेकसमोर कसं खेळायचं ते) पाठ करायचे?

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? मला वाटायचं गेममध्येच काहीतरी काळंबेरं आहे, माझ्याच नशिबी दर वेळी असं कसं? म्हणून महिनाभर वही ठेवली. फिफ्टी-फिफ्टीचा प्रसंग आला की लगेच नोंद. 60 नोंदी झाल्या. 31 माझ्या बाजूने, 29 विरुद्ध. म्हणजे गेम साफ आहे. ते 31 मला एकही आठवत नाहीत, ते बहुतेक 'माझं कौशल्य' खात्यात जमा झालेत. 29 मात्र तोंडपाठ, तारीखवार. शिव्या घालायलासुद्धा कोणी उरलं नाही! वही फाडून टाकली.

मग आज सकाळी ते 6 डॅमेजचं पान मीच बनवलं आणि डेकमध्ये घातलं. दोन कॉपी. म्हटलं, आता तुम्हीपण घ्या चव. पहिल्याच मॅचला समोरच्याचं 5 लाइफ, बोर्डवर त्याचं एकुलतं एक 1/1चं टुकार पिल्लू. दोनच टार्गेट. गोळा वर गेला, रेंगाळला आणि पिल्लावर पडला.

'छान खेळलास,' इमोट आला.