सगळ्या योजना बंद करून आईच्या खात्यात पैसे टाका म्हणे!

एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय, बघितला असेलच. म्हणणं असं की अंगणवाडी, टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारा आहार), आरोग्य खात्याच्या योजना सगळं बंद करा, तेवढे पैसे थेट आईच्या खात्यात टाका, कुपोषण आपोआप जाईल, आणि 'खात्यांचा समन्वय' म्हणजे नुसत्या मीटिंगा.

आधी पैशाचं बघू. अहो, पैसे देणारी योजना आहे की! मातृ वंदना, पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता मिळतो कधी, तर जन्माची नोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की. आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाईचं नाव सासरच्या अंगणवाडीत, डिलिव्हरी माहेरच्या तालुक्यात, लसी तिथल्या उपकेंद्रात, आधारवर अजून लग्नाआधीचं आडनाव, आणि इकडची सेविका म्हणते बाळाचं कार्ड आणा, तिकडची म्हणते तुमचं नाव आमच्या यादीत नाही. हप्ता लटकला. पैसे सरकारकडे होते, द्यायचेही होते, अडलं कुठे? दोन याद्या जुळल्या नाहीत तिथे. म्हणजे मेसेजवाल्याला हवी तशी, थेट पैसे देणारी योजनाच समन्वयाशिवाय चालत नाही.

'पैसे आले की आई पौष्टिक घेईलच.' घेईल, बहुतेक आया घेतातच, रोख रकमेला माझा विरोध नाहीच. पण दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली गेलेलं, म्हणजे अतितीव्र कुपोषित पोर आधी कुणाला तरी दिसायला हवं ना? मोजते सेविका. अंगावर सूज असेल, खातच नसेल तर पाठवायचं पोषण पुनर्वसन केंद्रात, ते आरोग्याकडे. तिथून पोर घरी आलं हे सेविकेला कुणी कळवलंच नाही तर पुढे वजन कोण बघणार?

'१९७५ पासून अंगणवाड्या आहेत, फरक शून्य.' शून्य कसा? महाराष्ट्रात पाच वर्षांखालची, वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं २००५-०६ ला ४६ टक्के होती, २०१९-२१ ला ३५. हां, २०१५-१६ ला ३४ होती, म्हणजे नंतर गाडी अडकली हे खरंय, आणि त्यावर ओरडायलाच पाहिजे. पण अडकली म्हणून इंजिनच काढून टाका, हे कुठलं लॉजिक?

मीटिंगांबद्दलचा टोमणा मात्र मला पटतो. अंगणवाडीच्या नोंदींचं पोषण ट्रॅकर ॲप महिला-बालविकास खात्याचं, आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचं आरसीएच पोर्टल आरोग्य खात्याचं, एकाच बाळाची नोंद दोन्हीकडे, वर आढावा बैठका वेगळ्याच. आणि गावात महिन्यातून एकदा आरोग्य-पोषण दिवस असतो, आशा, एएनएम (उपकेंद्राची नर्स), सेविका तिघी एकाच खोलीत असतात, तेव्हा तिघींची रजिस्टरं शेजारी ठेवून नावं टिक केली तर कोण सुटलंय ते तिथल्या तिथे कळतं, त्याला ना नवी योजना लागते ना जिल्ह्याची मीटिंग.