भूल देण्याच्या आधीचा विचार

विशेष मुलांच्या किडलेल्या दातांचे काय करायचे, यावरून कोल्हापुरात आमच्या घरी आणि भाचीच्या विशेष शाळेतल्या पालकांमध्ये सध्या वाद चालू आहे. मूल खुर्चीत शांत बसतच नाही, तेव्हा एकदाच पूर्ण भूल देऊन किडलेल्या सगळ्या दाढा काढून मोकळे व्हावे, असे काहींचे म्हणणे आहे. तर फिट, फिजिओथेरपी आणि दवाखान्याच्या फेऱ्यांनी जीव मेटाकुटीला आला असताना दातांचे आणखी एक लचांड कशाला, असे इतरांना वाटते. स्कॉटलंडमध्ये डंडीच्या सरकारी दंतसेवेत मी मदतनीस म्हणून काम करते. येथून पाहताना मला वाटते की दोन्ही बाजूंचा विचार कीड वाढून बसल्यानंतर सुरू होतो.

इकडे सगळे आलबेल आहे, असे मुळीच नाही. भूल देऊन दात काढायचे तर येथे महिनोन् महिने थांबावे लागते. उलट कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी गेले तर त्याच दिवशी डॉक्टर भेटतात, मात्र पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यापर्यंत मुलाला उचलून न्यायचे बळ अंगात हवे. इकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती दात दुखण्याची वाट न पाहता केलेल्या देखरेखीची. येथील बालवाड्यांत मुले शिक्षिकांच्या नजरेखाली रोज दात घासतात आणि ज्यांना कीड लागण्याचा धोका अधिक, त्यांना आम्ही थोड्या थोड्या महिन्यांनी बोलावून दातांवर किडीपासून वाचवणाऱ्या फ्लोराईडचे वार्निश, म्हणजे पातळ लेप, लावतो.

माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे तिचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. फिटचे गोड सिरप तिला रात्री दात घासून झाल्यावर मिळत असे आणि ती साखर सकाळपर्यंत दातांवर राहत असे. शिवाय मऊ भात गालात साठून राहतो आणि ब्रश आत गेला की ती दात घट्ट आवळते. आम्ही औषधाची वेळ घासण्याच्या आधी आणली. साखर नसलेले औषध किंवा गोळी चालेल का, हे तिच्या डॉक्टरांना विचारले. आता वहिनी सतरंजीवर बसून तिचे डोके मांडीवर घेते, एका बोटाने गाल बाजूला ओढून धरते आणि शेवटच्या दाढेपासून पुढे येत घासते. पेस्ट वाटाण्याएवढीच, पण फ्लोराईड किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असलेली. चूळ भरायची नाही, फक्त थुंकायचे. आपल्याकडच्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराईड नसतेच, म्हणून ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचावे लागते.

कीड लागलीच असेल तरी लगेच ड्रिल लागतेच असे नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड नावाचे औषध छोट्या ब्रशने किडलेल्या जागी लावले की बहुतेक वेळा कीड थांबते. ना सुई लागते, ना आवाज होतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आणि भारतातही ते मिळते. किडलेली जागा त्याने कायमची काळी पडते, म्हणून पालक नको म्हणतात. मुलीच्या समोरच्या दातांच्या बाबतीत ही घालमेल मी समजू शकते, पण मागच्या दाढेवरचा काळा डाग भुलीच्या धोक्यापेक्षा मला कितीतरी परवडतो, विशेषतः हृदयाचा दोष असलेल्या डाऊन सिंड्रोमच्या मुलासाठी. मात्र मुळाशी पू झाला असेल किंवा चेहरा सुजला असेल, तर या औषधाचा उपयोग नाही. तेथे भूल देऊन उपचार करावेच लागतात आणि ते लांबवू नयेत. पण घरची सवय तीच राहिली, तर भुलीखाली भरलेल्या दाढांच्या शेजारी पुन्हा कीड लागते.

शाळांमधली शिबिरे मला अपुरी वाटतात, कारण तपासणी होते, किती दाढा किडल्या ते कार्डावर लिहिले जाते आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणी फिरकत नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ पासून अपंगांसाठी संस्था उभी केली ती कोल्हापुरातच, आणि जिल्ह्यात नवे पारगावला दंत महाविद्यालयही आहे. तेथील विद्यार्थ्यांची एक तुकडी दर तीन महिन्यांनी त्याच शाळांत, त्याच मुलांकडे गेली, तर वार्निश आणि काळे औषध वर्गातल्या खुर्चीतही लावता येते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी केंद्राच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात दातांचे प्रतिबंधक उपचारही येतात. पालकसभेत दाढा काढण्याचा विषय निघेल, तेव्हा ‘निरामय’चा अर्ज किती जणांनी भरला आहे, हे आधी विचारले जावे.