ठिणगीला विशेषण मिळेना

दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली ती भर आषाढात. गणेशचवथीच्या आधी द्यायची होती. कथा मडगावची, १८ जून १९४६ ची. डॉ. राममनोहर लोहियांनी पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली, त्या दिवशी गर्दीत उभ्या असलेल्या एका पोराची. संपादकांना ती आवडली. फक्त एका वाक्यापाशी ते अडले: ‘त्याच्या डोळ्यांत ठिणगी उडाली.’ समासात पेन्सिलीने लिहून आलं, ‘कसली ठिणगी? विशेषण घाला. चित्रदर्शी हवं.’ (संपादकांचं नाव सांगत नाही. पुढच्या वर्षीही कथा द्यायची आहे.)

एकच तर शब्द. चहा उकळेपर्यंत घालून टाकू म्हटलं. अकरा दिवस गेले.

या ठिणगीबद्दल गोव्यात कमी बोललं गेलंय असं नाही. दर अठरा जूनला, क्रांतिदिनाला, व्यासपीठावरून ती दोन-तीनदा तरी पडते आणि समोर श्रोते ओल्या छत्र्या कुठे ठेवाव्यात या विवंचनेत असतात. पण वक्त्यांनाही विशेषण सापडलेलं दिसत नाही. ते तेवढ्यापुरता आवाज चढवतात आणि वेळ मारून नेतात. कागदावर आवाज कसा चढवणार?

सुरुवात ‘ज्वलंत’पासून केली. लिहून बघितलं आणि लक्षात आलं की या शब्दाचं लग्न झालेलं आहे, ‘प्रश्ना’शी. म्हादईचा ज्वलंत प्रश्न, खाणींचा ज्वलंत प्रश्न. त्याला माझ्या ठिणगीशेजारी बसवला तरी त्याचं लक्ष घराकडे. ‘जाज्वल्य’ तर अभिमानाकडे घरजावई. ‘प्रखर’ विरोधाला दिलेला. ‘तडफदार’ चौकातल्या बॅनरवर हात जोडून उभा. ‘धगधगतं’ वास्तवाबरोबर नांदतंय, आणि ते सोडून आलं असतं तरी धगधगायला सवड लागते. ठिणगीचा सगळा संसार पापणी लवेपर्यंतचा. ‘लालबुंद’ घातलं तर पोराचे डोळे आल्यासारखे वाटले. ‘रसरशीत’वर मात्र मी अर्धा दिवस खूश होतो. मग बायकोला वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मानकुराद आंबा?’ बाद. ‘चमचमती’ लिहिली, तर मागोमाग मिसळीचा वास आला.

आमच्या घरात भांडण कोकणीत आणि लिखाण मराठीत चालतं. त्यामुळे भांडताना शब्द कमी पडल्याचा अनुभव नाही.

शेवटी ठरवलं, आधी ठिणगी नीट बघायची. रात्री वीज गेली होती, ती संधी साधली. स्वयंपाकघरात अंधारात उभा राहून गॅसचा लायटर दाबत बसलो. आत एक स्फटिक असतो, दाबला की स्प्रिंगचा हातोडा त्याच्यावर आपटतो आणि हजारो व्होल्ट क्षणभर दोन टोकांमध्ये उडी मारतात. रंग निळसर-जांभळा. हवेतल्या नायट्रोजनची ती करामत. टक्, निळं. टक्, निळं. पंधरा-वीस वेळा झाल्यावर मागून बायकोचा आवाज आला, ‘गॅस सुरू नाही केला तुम्ही.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे.’ ती काही न बोलता मेणबत्ती घेऊन गेली. निळी ठिणगी मडगावच्या सभेत चालली नसती.

पुढच्या आठवड्यात गेटाची बिजागरी निघाली. पावसाळ्यात इकडे लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. ती घेऊन फोंड्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तो ग्राइंडर चालवत होता आणि त्याच्या गुडघ्यापासून भिंतीपर्यंत ठिणग्यांची शेपटी लागली होती. मी धीर करून विचारलं, ‘या ठिणगीला तुम्ही काय म्हणाल?’

त्याने चष्मा कपाळावर चढवला. ‘ठिणगी? म्हळ्यार किटाळ न्हय?’

मग त्याने मला जे दाखवलं त्याला तोड नाही. आधी एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, अँगल चाकाला लावला. पिवळसर रेघा लांबवर, सरळ गेल्या. ‘ही धावते.’ मग बिडाचा तुटका तुकडा. आखूड, तांबडी, चाकापासून हातभर अंतरावर खलास. ‘ही हांगाच मरता.’ मग जुनी कानस घेतली. ठिणगी निघाली आणि थोडं पुढे जाऊन तिची फुलबाजी झाली, एकीच्या दहा. ‘ही फुटते.’ कानशीच्या पोलादात कार्बन जास्त, म्हणून त्याचा तापलेला कण हवेत जळताना फुटतो, एवढं मला शाळेतलं आठवलं. त्याला शाळा लागली नव्हती. भंगारात आलेला तुकडा कुठल्या जातीचा, हे तो ठिणगी बघून सांगतो. अॅल्युमिनियम लावलं तर काहीच उडालं नाही. ‘हो मोनो,’ तो म्हणाला. मुका. एका तासात त्याने एकही विशेषण वाया घालवलं नव्हतं, आणि जे एकुलतं एक वापरलं तेही ज्याला ठिणगीच नाही त्याला दिलं होतं.

एक किटाळ तेवढ्यात माझ्या शर्टावर येऊन बसलं. खिशाच्या खाली, मुगाएवढं भोक.

घरी आल्यावर बायकोने ते लांबूनच टिपलं. ‘हो बुराक कसलो?’ मी सिगरेट सोडली त्याला चार वर्षं झाली. तिने शर्ट नाकाशी नेला, भोकात करंगळी घालून बघितली. मी म्हटलं, ‘किटाळ.’ ‘कोणाचें?’ तिने विचारलं. सगळं सांगितलं: लोहिया, संपादक, बीड, कानस. तिचा विश्वास बसला नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.

रात्री शब्दकोश काढला. मराठीत किटाळ म्हणजे खोटा आळ, हेच आपण वापरतो. पण ठिणगी हाही अर्थ तिथे होता. एकटा, बिनविशेषणाचा, कुणाशी लग्न न झालेला. मी त्याच बैठकीत वाक्य बदललं, ‘त्याच्या डोळ्यांत किटाळ उडालं आणि फुटलं,’ आणि सकाळी कथा पाठवून दिली.

चार दिवसांनी पानं परत आली. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘किटाळ? पण पोराने नेमकं केलं काय होतं?’