सायबेरियातल्या नद्या वाढल्या, म्हणून तापमानवाढ खोटी?

सध्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: पृथ्वी तापत असती तर उत्तरेकडच्या नद्या आटल्या असत्या, उलट सायबेरियात त्यांचं पाणी वाढलंय, तेही धरणांमुळे. आर्क्टिकचा बर्फ ग्लासातल्या बर्फासारखा तरंगताच आहे, तो गेल्याने काही बिघडत नाही. आणि पाणी वाढलं तर वाईट काय?

पाणी वाढलंय, हे खरंच. ओब, येनिसेई, लेना यांच्यासह युरेशियातल्या सहा मोठ्या नद्यांची १९३६ ते १९९९ची मोजमापं २००२मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा वार्षिक प्रवाह सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. पण ‘तापलं की आटतं’ हे ठरवलं कोणी? हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. दक्षिणेकडून वाहत आलेलं हे बाष्प उत्तरेत हिम-पाऊस होऊन पडतं, आणि तिथे बाष्पीभवन कमी असल्याने त्यातलं बरंचसं नदीला मिळतं. मजकुरानेच उभा केलेला साक्षीदार असा फितूर झाला.

धरणांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. क्रास्नोयार्स्क शहरात पारा उणे ३०वर गेला तरी येनिसेई गोठत नाही, वाफाळत वाहते; कारण वरच्या धरणाच्या खोल थरातून सुटणारं, त्या मानाने उबदार पाणी. उन्हाळ्यातलं पाणी अडवून हिवाळ्यात सोडणं, एवढंच धरणाचं काम. वर्षाची बेरीज त्याने वाढत नाही. जलाशयावरून थोडं उडूनच जातं. शिवाय लेनेच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही. विल्युई या तिच्या धरणवाल्या उपनदीच्या संगमाआधीही तिचा हिवाळी प्रवाह वाढलाय. गोठलेली जमीन उन्हाळ्यात आता जास्त खोलवर मऊ होते, पाणी आत मुरतं आणि थंडीत हळूहळू झिरपत राहतं.

ग्लासाचा प्रयोग पाण्याच्या पातळीपुरता जवळपास बरोबर. पण प्रश्न पातळीचा होता कुठे? बर्फ हा समुद्र आणि हवा यांच्यामधला आडपडदा. सप्टेंबरमध्ये तो १९८०च्या दशकात साधारण ७० लाख चौरस किलोमीटर उरायचा. २०१२मध्ये ३४ लाखांवर आला. उघडं पडलेलं पाणी शरदात गार हवेला ऊब आणि बाष्प देतं. त्यातलं काही किनाऱ्यालगत हिम होऊन पडतं आणि मे-जूनमध्ये नद्यांत उतरतं. सगळी वाढ यातूनच आली असं नाही, दक्षिणेचं बाष्प आहेच. पण ‘काही बिघडत नाही’ हे साफ चूक.

जगातल्या समुद्रांच्या पाण्यापैकी जेमतेम १ टक्का आर्क्टिकमध्ये आहे, पण जगभरच्या नद्यांचं १० टक्क्यांहून जास्त पाणी त्यात येतं. हे गोडं पाणी हलकं असल्याने वरच राहतं आणि खालच्या खाऱ्या, उबदार पाण्याशी सहज मिसळत नाही. म्हणजे नद्या बदलल्या की समुद्राची घडणही बदलते.

राहिलं ‘वाईट काय’. अलास्काच्या ब्रुक्स पर्वतरांगेतले स्वच्छ ओढे नारिंगी होऊ लागलेत. वितळत्या जमिनीतल्या खनिजांपर्यंत पाणी पोचलं आणि लोह सुटलं. साल्मन नदी २०१९पासून अशी गढूळ आहे. २०२४च्या एका अभ्यासात असे ७५ प्रवाह नोंदवलेत; काहींचं पाणी आम्लधर्मीही झालंय.