भिडेखातर नऊ बाटल्या

फ्रान्समध्ये वाइनच्या गावांतून फिरायचं म्हणजे काय मज्जा असेल असं वाटत असेल तर पहिले चार दिवस फिरा आणि गपचूप घरी या. आम्ही १९ दिवस फिरलो. बोर्दो, मग लुआर, मग शॅम्पेन, मग अल्सास आणि शेवटी बरगंडीतलं बोन नावाचं गाव. सोळाव्या दिवशी सकाळी ब्रश करताना आरशात बघितलं तर दात चक्क जांभळे, आणि जीभ अशी की तिला पॉलिश पेपर लावून ठेवलाय. रेड वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, हे बोर्दोत एका बाईंनी मोठ्या प्रेमाने समजावलं होतं. तेव्हा मी "वा वा" म्हणालो होतो.

त्यात त्या सकाळी बायकोने बाटल्या मोजल्या. नऊ निघाल्या.

आता हिशोब बघा. भारतात येताना एका माणसाला दोन लिटर ड्युटी न भरता चालतात. आम्ही दोघं, म्हणजे चार लिटर. बाटली पाऊण लिटरची, म्हणजे पाच बाटल्या. उरल्या चार. ड्युटी भरायची बायकोची तयारी नव्हती आणि टाकून द्यायची माझी नव्हती. म्हणजे उरलेल्या दिवसांत चार बाटल्या संपवायच्या होत्या, आणि तेही नुसता बूच काढल्याचा आवाज आला तरी मान दुसरीकडे वळत होती अशा अवस्थेत.

नऊ बाटल्या झाल्या कशा? भीड, दुसरं काय. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. मोठ्या शातोंमध्ये, म्हणजे वाइनवाल्यांच्या बड्या वाड्यांमध्ये, एक बरं असतं, तिकीट काढा, तीन घोट घ्या, निघा, कोणी तुमच्याकडे बघत पण नाही. पण छोट्या वाइनवाल्याकडे गेलात की संपलात. तो स्वतः मळक्या बुटांनी शेतातून येतो, तळघरात नेतो, आणि आपल्यासाठी, फक्त आपल्या दोघांसाठी, पाच बाटल्या फोडतो. बरगंडीत तर आणखीच. रेड म्हणजे जवळजवळ सगळी पिनो न्वार द्राक्षाची, व्हाइट म्हणजे शार्दोने द्राक्षाची, बाकी सगळा खेळ जमिनीचा. हजाराहून जास्त तुकडे आहेत, प्रत्येकाला वेगळं नाव, युनेस्कोने २०१५ मध्ये त्यांना जागतिक वारसा केलंय. त्यामुळे म्हातारा म्हणतो ही वाइन रस्त्याच्या या बाजूची, ही त्या बाजूची, फरक कळला ना? मी डोळे मिटून मान हलवतो. फरक शून्य कळलेला असतो, पण पाच बाटल्या उघडून बसलेल्या माणसाला "येतो हं" म्हणून निघायचं कसं? एक घेतोच आपण. बायको म्हणते अरे सरळ नाही म्हणायचं. पण ती म्हणू शकते कारण ती गाडी चालवत होती. तिथे ड्रायव्हरला रक्तात लिटरला अर्धा ग्रॅमच्या आत राहावं लागतं, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून वाइन चाखून बादलीत थुंकत आली आणि शुद्धीत व्यवहार करत आली. मी आयुष्यभर 'येथे थुंकू नये' वाचून मोठा झालेलो, मला पहिला आठवडा ते जमलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात जमलं, पण तोपर्यंत पाच बाटल्या झाल्या होत्या.

आणि वास! काय काय वास ओळखायला लावतात हो. जुन्या काबर्नेला पेन्सिलीच्या शिशाचा, सोव्हिन्यॉ ब्लांला मांजराच्या शूचा (हे कौतुकाने सांगतात, तक्रार म्हणून नाही), आणि मुरलेल्या रिस्लिंगला पेट्रोलचा. सतराव्या दिवशी गाडीत पेट्रोल भरताना मी नकळत म्हणालो, "छान आहे, जुनी दिसतेय." बायकोने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

त्या दिवशी दुपारी बोनचं जुनं हॉस्पिटल बघितलं, ओतेल-दिय. निकोला रोलँ नावाच्या बरगंडीच्या दरबारातल्या बड्या असामीने १४४३ मध्ये गरिबांसाठी स्थापन केलं. वर रंगीत चकचकीत कौलं, आत मोठ्या हॉलमध्ये दोन्ही बाजूला लाल पडद्यांच्या खाटा. लोकांनी हॉस्पिटलला द्राक्षमळे दान दिले, त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होतोय, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. मी ते सगळं ऐकत होतो पण नजर खाटांवरच. गेल्या शतकापर्यंत पेशंट ठेवायचे म्हणे, मी जरा उशिराच पोचलो.

मग रोमाने-काँती. जगातल्या सगळ्यात महाग वाइनपैकी एक जिथे होते तो तुकडा, जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साधारण साडेचार एकर. दगडी भिंत, एक क्रॉस, आणि कृपया आत येऊ नका अशी पाटी. बस. कोणी बोलवत नाही, कोणी ग्लास पुढे करत नाही. अख्ख्या ट्रिपमध्ये एवढं प्रसन्न मला कुठेच वाटलं नाही.

रात्री संपवायला बसलो. पहिला नंबर शॅम्पेनचा, कारण आत कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त प्रेशर असतं आणि ती बॅगेत फुटणार आणि माझे सगळे शर्ट जाणार असं बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं. त्यात प्रेशर सोसायला काच जाड, बाटली भलती जड. संपली. म्हणजे संपवली, औषध घेतात तशी, नाक दाबून. दुसरी लुआरची, ती अर्ध्यावर असताना बायको झोपली आणि मी सिंककडे बघत किती वेळ उभा होतो. ओतली नाही. संस्कार. फक्त त्या थुंकायच्या बादलीच्या वेळी हे संस्कार कुठे गेले होते ते विचारू नका.

तिसरीसाठी मला आयडिया सुचली, घरमालकीणबाईंना भेट देऊ! बोर्दोची चांगली बाटली होती, कागदात गुंडाळून खाली नेली. बाई आधी हरखल्या, मग लेबल वाचलं. "आ, बोर्दो," एवढंच म्हणाल्या. बरगंडीत बोर्दो भेट देणं म्हणजे काय ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. बाटली व्हिनेगरच्या शेजारी गेली, आणि मग आमची कीव येऊन त्यांनी कपाटातून आपली एक काढली, तीन ग्लास मांडले, आणि खरी वाइन काय असते हे आम्हाला दीड तास सांगितलं. बायको टेबलाखालून पाय मारत होती. मी "ट्रे बाँ, ट्रे बाँ" (फार छान, फार छान) करत दोनदा ग्लास भरून घेतला.

राहिली एक. अल्सासची गेवुर्त्सत्रामिनर नावाची व्हाइट वाइन, ती तिथली उंच बारीक बाटली, कुठल्याच बॅगेत आडवी नाही आणि उभी पण नाही. काटा २३ किलोच्या आसपास थरथरत होता, एक मोजा काढला की खाली, घातला की वर. मग मी एक ठरवलं आणि बायकोला सांगितलं नाही. दिजाँला भाड्याची गाडी परत करताना ती बाटली डिकीत, स्पेअर टायरच्या बाजूला ठेवून दिली. कोणीतरी सापडल्यावर खूश होईल. चावी दिली, सही केली, स्टेशनकडे चालायला लागलो, इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू.

प्लॅटफॉर्मवर पोचलो तर मागून "मस्यू! मस्यू!" ऑफिसमधला पोरगा धावत येतोय, घामाघूम, हातात बाटली. आता तो बिचारा एवढा पळत आलाय, त्याला काय सांगणार? मी दोन्ही हातांनी घेतली, तीनदा मेर्सी म्हणालो, वर छातीला हात पण लावला.

पॅरिसला दीड-एक तास होता. बायको खिडकीबाहेर बघत होती, एक शब्द बोलत नव्हती. बाटली माझ्या मांडीवर, आणि कॉर्कस्क्रू मोठ्या बॅगेच्या तळाशी, एका मोज्यात, पाच बाटल्यांच्या खाली.