आठ दिवसांत वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरवर आणायचीय?

अवश्य आणा. अगदी सोपं आहे.

ज्याला काम दिलंय त्याला फोन करत राहा, शक्यतो रात्री. परवा रावेरकडच्या आमच्या एका केळी-वेफर्सवाल्या शेठनी पावणेअकराला केला. माझ्या हातात कळण्याच्या भाकरीचा घास, त्याला भरीत लागलेलं, आणि तिकडून, "काय रे भो, आला का नंबर?" काम सुरू होऊन नऊ दिवस झाले होते.

दिवसातून वीसदा स्वतःच्याच मोबाइलवर स्वतःच्याच कंपनीचं नाव शोधा. मग नुसतं 'केळी वेफर्स' टाका आणि स्क्रीनशॉट मला पाठवा.

मजकूर शेजाऱ्याच्या साइटवरून उचला, त्याच्या फोन नंबरासकट.

साइट मात्र भाच्याकडूनच बनवून घ्या. शेठच्या भाच्याने वर्डप्रेसवर साइट उभी केली आणि सेटिंगमधली एक टिक तशीच ठेवली. कुठली? सर्च इंजिनांनी इकडे फिरकू नये, ती! तीन महिने दुकानाला बाहेरून कुलूप, आणि आत बसून ओरडा की गिऱ्हाईक का येत नाही. मी टिक काढली, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, टाकला आणि सांगितलं की गूगल येऊन साइट वाचून जाईल, त्यालाच काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तर म्हणे, "एवढं मोठं गूगल, माणसं कमी आहेत का?" त्यात कुणीतरी त्यांना सात दिवसांत पहिल्या नंबरची लेखी हमी देऊन गेलेला. अहो, खुद्द गूगल सांगतं की अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, बहुतेकदा चार महिने ते वर्ष धरा. पण गूगलला काय कळतंय!

दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे बोट दाखवणाऱ्या लिंका पाचशे रुपयांत हजार मिळतात, त्याही घ्या.

जाऊ द्या, शेठ, आता सरळच बोलतो. तुम्ही टिश्यूकल्चरची रोपं लावता. ठिबक टाकता, खत सोडता. निसवायला, म्हणजे केळफूल बाहेर पडायला, सहा-सात महिने, घड कापायला वर्ष होत येतं. रोज सकाळी खोडापाशी उभं राहून विचारता का, घड कुठाय म्हणून? वादळात अख्खी बाग आडवी झाली तरी पुढच्या लागवडीला लागता. आणि माझ्याकडे नवव्या दिवशी हिशोब? तोही अशा साइटचा, जिच्यावर वेफर्सचा एक धड फोटो नाही, पाकीट किती ग्रॅमचं ते नाही, भाव नाही. फोटो मी तीनदा मागितलेत. ते आधी पाठवा, आणि दिवसा पाठवा.